साबणातली चरबी

आमच्याकडे रविवारी मटण शिजायचं, पण साबणात चरबी चालायची नाही. आजी मालवणची, वाटपाला हात सढळ आणि न्हाणीघरात मात्र सोवळी. १९८३ साली वनस्पती तुपातल्या गाईच्या चरबीचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून साबणाची नवी वडी आधी तिच्या नाकाखालून जायची. मुलुंडला मावशीकडे जाताना विक्रोळी आली, की ती गोदरेजच्या आवाराकडे बोट दाखवून सांगे, "ह्येंचो साबण तेलाचो." ते खरंच होतं. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास चरबीला फाटा देऊन वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. स्वदेशी आणि सोवळं, दोन्ही एका वडीत!

आईने तर दुकानच टाळलं. बोरिवलीत शिंपोलीला खादी ग्रामोद्योगाचं कोरा केंद्र आहे, तिथे ती साबण शिकून आली. अ‍ॅल्युमिनियमची पातेली कॉस्टिक सोडा खातो, म्हणून स्टीलचं एक कायमचं बाजूला निघालं. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. खोबरेल, करंजेल, कडुनिंबाचं तेल घालून ती मिश्रण घोटत बसे. दोऱ्याने कापलेल्या वड्या माळ्यावर महिनाभर मुरायच्या. कडुनिंबाच्या वडीने धुतलेल्या परकराचा वास वर्गात लपत नसे.

चरबीकडे मी वळले ती आजी गेल्यावर. तिच्यादेखत धजले नसते. मटणवाला बाजूला काढून टाकतो ती बोकडाची चरबी मागितली, तर त्याने पैसेच घेतले नाहीत. बारीक चिरून, पाणी-मीठ घालून मंद आचेवर वितळवायची, गाळायची, निवली की वर पांढरी चकती धरते. पुन्हा तेच, वास मरेपर्यंत. खिडक्या उघड्या हव्यात. किलोभर खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो, चरबीला १४०च्या आसपास. मी थोडा हात राखूनच घालते. खोबरेलाचा फेस भसाभसा येतो आणि कातडी ओढते. चरबीची वडी टणक, फेस सावकाश आणि दाट, बादलीशेजारी ओली राहिली तरी चटकन विरघळत नाही. जनावर कापलंच आहे तर त्याची चरबी कचऱ्यात का जावी, याचं उत्तर मला आजीकडूनही मिळालं नसतं.

शेजारच्या जैन वहिनींसाठी मात्र खोबरेलाच्या वड्या करते, आणि त्यांचं पातेलं वेगळं ठेवलंय.