बाबा, गाडी आणि न सापडणारा बग

आमच्या बाबांची गाडी 2004 सालची आहे. छोटी, पांढरी, आणि आता अंगावर तीन वेगवेगळे पांढरे रंग असलेली. पंधरा वर्षं झाल्यावर 2019 मध्ये आरटीओत जाऊन पासिंग करून आणलं, 2024 मध्ये परत एकदा. "विकून टाका की आता" असं मी दर दिवाळीला म्हणतो आणि बाबा दर दिवाळीला ऐकू न आल्यासारखं करतात. असो.

तर गेल्या पावसाळ्यानंतर बाबांचे फोन सुरू झाले. "अरे, गाडी मधेच सुरू होत नाहीये." म्हणजे किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' वाजतं, पुढे काही नाही. दहा मिनिटं थांबलं की झक्कास सुरू! शनिवारी मी पुण्याहून साताऱ्याला गेलो. सकाळी चहा पिऊन किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. बंद केली, परत सुरू. पाच वेळा केलं. "बाबा, चालतेय की!"

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरवाले आहेत त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटलं असेल. 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' टेस्टरने हे वाक्य आम्हाला ऐकवलं असतं तर आम्ही भांडलो असतो. बाबा भांडले नाहीत. गप्प बसले.

गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी परत तेच. मग त्यांनी स्टार्टर खोलून साफ केला. परत तेच. आणि मग एक वाईट गोष्ट झाली. गॅरेजवाले हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकांचं वय झालंय, किल्ली पूर्ण फिरवत नसतील." ताईचा फोन आला, "अरे, बाबा हल्ली विसरतात रे. परवा गॅस चालू ठेवला होता. गाडीची किल्ली काढून घेऊया का आपण?" आणि मी (हे लिहायला आता लाज वाटते) म्हणालो, "पुढच्या वेळी आलो की बोलतो त्यांच्याशी."

बोलायलाच गेलो होतो. विषय कसा काढावा ते कळेना, म्हणून बाबांची पेट्रोलची डायरी चाळत बसलो. बाबा निवृत्त मास्तर, त्यामुळे तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये हे सगळं गाडी घेतल्यापासून लिहिलेलं. मधे मधे लाल पेनाने नोंदी: 'राजवाडा, भाजी घेऊन परतताना. सुरू झाली नाही.' 'बँकेतून बाहेर आल्यावर. 15 मि. थांबलो.' 'पोवई नाका, औषधं.' अशा अकरा नोंदी होत्या. त्यातली एकही सकाळची नाही, एकही घराच्या दारातली नाही. सगळ्या गाडी थोडी चालवून, बंद करून, पाव तासाच्या आत परत सुरू करतानाच्या.

म्हणजे लॉग तयार होता. वाचायचे कष्ट कोणी घेतले नव्हते!

जिम ग्रे या संगणकतज्ज्ञाने 1985 च्या एका रिपोर्टमध्ये बगचे दोन प्रकार सांगितले होते. एक बोरबग, दर वेळी हमखास येणारा. दुसरा हायझेनबग, बघायला गेलं की गायब होणारा. आमचा बग मला दुसऱ्या जातीचा वाटत होता. प्रत्यक्षात तो पहिल्या जातीचा होता, मीच चुकीच्या वेळी बघत होतो.

मग बाबांना म्हटलं, चला. राजवाड्यापर्यंत चक्कर मारली, घरी आलो, गाडी बंद केली, बारा मिनिटं थांबलो. किल्ली फिरवली. टक्. आयुष्यात एखादी गोष्ट बंद पडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता :)

हेडलाइट लावले, लख्ख. बॅटरीवर मल्टिमीटर लावला, 12.5 व्होल्ट. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि बाबांना म्हटलं, फिरवा किल्ली. इथे जवळपास शून्य यायला हवं, फार तर अर्धा व्होल्ट. आले 6! म्हणजे निम्मी ताकद स्टार्टरला मिळण्याआधीच वाटेत मरत होती. जंप केबलने निगेटिव्ह थेट इंजिनला जोडलं, गाडी क्षणात सुरू.

दोषी होती अर्थिंगची पट्टी. इंजिनपासून बॉडीला जाणारी, बोटभर रुंद. बोल्टखाली हिरवट गंज, टोकाचं क्रिम्पिंग सैल. रोध किती, तर दशांश एक ओहमच्या आसपास. साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलात तर खुद्द मीटरच्या वायरींचा रोधच तेवढा असतो, त्यामुळे पट्टी चांगलीच दिसते. पण स्टार्टर 60 अँपिअर ओढायला लागला की 60 गुणिले 0.1, झाले 6 व्होल्ट गायब. हेडलाइटचा करंट बॉडीवरून वेगळ्या वाटेने परत जातो, म्हणून ते लख्ख. थंड असताना कसंबसं भागायचं. तापल्यावर जोड आणखी ढिला व्हायचा, शिवाय स्टार्टरच्या तांब्याचा रोधही दर 10 अंशांना साधारण 4 टक्के वाढतो. लोडशिवाय टेस्ट केलं की सगळं पास!

नवीन पट्टी आणली, बसवली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासली. त्यानंतर चार महिने झाले, 'टक्' नाही.

ताईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

किल्लीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. निघेल कधीतरी, वय काही थांबत नाही. पण तेव्हा त्याचं कारण खरं असायला हवं. अर्थिंगच्या पट्टीचा गुन्हा बाबांच्या नावावर नको.

त्या संध्याकाळी डायरीत बघितलं. बाबांनी किलोमीटर लिहून पुढे एवढंच लिहिलं होतं: 'अर्थिंग बदलले. रु. 240.' त्याच्या वरच्या पानावर, पहिल्या शनिवारची एक लाल नोंद होती. ती मी आधी वाचली नव्हती.

'मुलाला दाखवली. त्याच्यासमोर सुरू झाली.'