ज्याचं खातं त्याच्या नावावर

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

गणपतीची सुट्टी संपून कारखाना पुन्हा लयीत आला. संध्याकाळी हिशेब मिटवताना आमचे मालक अण्णा म्हणाले, "ताई, औंदा बोनसबरोबर माणसांच्या पेन्शनचं पण बघूया. म्हैन्याला माझ्याकडनं काहीतरी घालतो. फक्त बुडणारं नको."

आमच्याकडं माणसं चौदा. वीसच्या आत असल्यामुळं भविष्य निर्वाह निधीची सक्ती नाही. ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून लागू होते, ती आम्ही देतो. पण तिचा हिशेब वर्षाला पंधरा दिवसांचा पगार एवढाच. वीस हजारांवर तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस साडेतीन लाखांच्या आतबाहेर रक्कम घेऊन घरी जातो. ती घराच्या स्लॅबला लागते नाहीतर मुलीच्या लग्नाला, आणि पुढची वीस वर्षं पोरांच्या तोंडाकडं बघायचं. नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "फंड कापता का?" नाही म्हणताना मला दरवेळी वाईट वाटतं. आज अण्णांनी स्वतःहून विषय काढला, याचा फार आनंद झाला.

२१ सप्टेंबर, शनिवार

अण्णांच्या ओळखीचे एक विमा प्रतिनिधी आले. रंगीत तक्ते, साठीनंतर दरमहा ठरावीक रक्कम. मी दोन गोष्टी विचारल्या : पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून कमिशन आणि खर्च किती जातो, आणि माणूस तिसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेला तर पॉलिसीचं काय? पहिल्याचं उत्तर टाळलं. दुसऱ्याचं उत्तर, "मग हप्ता त्यानं स्वतः भरायचा."

आमच्याकडून दरवर्षी एकदोन माणसं दुसरीकडं जातात. न भरता आलेल्या हप्त्यांची पॉलिसी घेऊन त्यांना पाठवायचं मला मान्य नाही. तसं अण्णांना सांगितलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

घरी बसून कागद वाचले. अटल पेन्शन योजना आणि श्रमयोगी मानधन, दोन्हींत शिरायला वय चाळिसाच्या आत लागतं. आमची पाच माणसं तिथंच बाद. शिवाय मालकाचा वाटा घ्यायची सोय त्यांत नाही.

राहिल्या दोन वाटा. एक, भविष्य निर्वाह निधी म्हणजे फंड स्वेच्छेनं लागू करून घेणं. फंडाच्या कायद्याच्या कलम १(४) प्रमाणं मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असले तर वीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्यालाही ते जमतं. वीसच्या आत माणसं असली तर मालकाचे दहा टक्के, कामगाराचे दहा. मालकाच्या दहातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर. वीस वर्षांच्या सेवेला दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणून १५,००० गुणिले २२ भागिले ७०, म्हणजे महिन्याला ४,७१४ रुपये. सोबत सात लाखांपर्यंतचा विमा, आणि फंडाच्या शिलकीवर गेल्या वर्षी ८.२५ टक्के व्याज.

दुसरी वाट राष्ट्रीय पेन्शन योजना, एनपीएस. २००४ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांसाठी आली, २००९ पासून सगळ्यांना खुली झाली. हिच्या कंपन्यांसाठीच्या प्रकारात मालक आणि कामगार दोघांनी भरलं तरी चालतं, एकट्या मालकानं भरलं तरी चालतं. पैसा थेट कामगाराच्या प्रान (कायम निवृत्ती खाते) क्रमांकाच्या खात्यात जातो. एकदा गेला की अण्णांचाही त्यावर हक्क राहत नाही. कारखाना बदला, गाव बदला, क्रमांक तोच. मला सगळ्यांत जास्त हे आवडलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

खर्चाचा हिशेब नीट मांडला, कारण अण्णांना टक्क्यांत सांगून उपयोग नसतो.

एनपीएसमध्ये २०२४ च्या दरानं पैसे सांभाळण्याचा खर्च वर्षाला जास्तीत जास्त ०.०९ टक्के, म्हणजे लाखाला नव्वद रुपये. खातं ठेवण्याचे वर्षाला सत्तर रुपयांच्या आत. बाजारात दीड-दोन टक्के घेणाऱ्या योजना सर्रास विकल्या जातात.

आमचा सगळ्यांत लहान हेल्पर चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या नावावर महिन्याला १,४०० रुपये साठीपर्यंत गेले, तर भरणा होतो सहा लाखांचा. परतावा ९ टक्के धरला तर जमतात सुमारे ४५ लाख. त्यातले दीड टक्के दरवर्षी खर्चात गेले तर सुमारे ३१ लाख. फरक चौदा लाखांचा, भरलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. नऊ टक्के मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही. पण खर्च दरवर्षी कापला जाणार हे पक्कं असतं, म्हणून निवडताना तोच आधी बघायचा.

कागद अण्णांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "एवढं खातंय व्हय?" एवढंच बोलले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बसवलं. फंडासाठी पगारातून दहा टक्के कापू द्यायला दोघंच तयार. बाकीच्यांचे भिशीचे आणि पतसंस्थेचे हप्ते चालू आहेत, त्यांना दोष कसा देणार? अण्णांचीही फंडाच्या पूर्ण वाट्याची तयारी आज नाही. म्हणजे एनपीएस, आणि सुरुवातीला एकट्या मालकाचा वाटा. फंडातला विमा आणि ठरलेली पेन्शन हातची जाते याची मला चुटपुट आहे.

आमचे वेल्डर मामा बावन्न वर्षांचे. त्यांनी विचारलं, "मला किती बसंल?" त्यांच्या वीस हजारांवर दहा टक्के धरून, आठ वर्षांत, परतावा आठ टक्के गृहीत धरला तरी पावणेतीन लाखांच्या आत. २०२४ च्या नियमाप्रमाणं साठीला जमा रक्कम पाच लाखांच्या आत असली की सगळी एकदम काढता येते, पेन्शन घ्यायची सक्ती नसते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "मामा, ही तुम्हाला पेन्शन होत नाही, गाठोडं होतंय. साठीनंतरही तसंच ठेवता येतं, पण दरमहा पोट भरंल एवढं नाही." ते म्हणाले, "खरं सांगितलंसा, बरं झालं." खोटी आशा दाखवून सही घेतली असती तर त्यांच्याकडं बघायचं धाडस मला झालं नसतं.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना दोनदा सांगितली. मधेच पैसे लागले तर तीन वर्षांनंतर, शिक्षण, लग्न, घर, आजार अशा कारणांसाठी, आणि तेही स्वतः भरलेल्या रकमेच्या पंचवीस टक्केच मिळतात. मालकाच्या वाट्याला हात लावता येत नाही. ऐकून दोघंतिघं नाराज झाले. मला मात्र हेच हवं होतं. पतसंस्थेतली ठेव पहिल्या अडचणीला मोडली जाते.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज अण्णांशी वाद झाला. त्यांना सगळ्यांना सरसकट १,५०० रुपये द्यायचे होते, हिशेबाला सोपं म्हणून. मी टक्क्यांवर अडून बसले.

हेल्परच्या त्या ४५ लाखांतले, २०२४ च्या नियमाप्रमाणं, साठ टक्के साठीला हातात मिळतात, किमान चाळीस टक्क्यांची पेन्शन विकत घ्यावी लागते. अठरा लाखांवर सहा टक्क्यांनी महिन्याला ९,००० रुपये. पण छत्तीस वर्षांनंतरचे. महागाई पाच टक्के धरली तर ते आजचे जेमतेम दीड हजार होतात. ठरावीक रकमेवर म्हातारपण निघत नाही. भरणा पगाराबरोबर वाढला पाहिजे, म्हणजे तो पगाराच्या टक्क्यात बांधलेला पाहिजे, आणि नेमणूकपत्रात लिहिलेला पाहिजे. नाहीतर मंदीच्या वर्षी पहिली काट यालाच बसणार.

शेवटी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्क्यांवर अण्णा आले. कंपनीला तो खर्च म्हणून वजा मिळतो. जुलैच्या अर्थसंकल्पात या वजावटीची मर्यादा दहावरून चौदा टक्क्यांवर नेली आहे. कामगारांना करातली सूट उपयोगाची नाही, त्यांना कर लागतच नाही. ड्रॉइंगवाल्या इंजिनिअरला तिचा उपयोग होईल.

९ ऑक्टोबर, बुधवार

बँकेत गेले. कंपनीची नोंदणी आणि दर महिन्याचा भरणा बँकेमार्फत करायचा, त्याचं शुल्क भरण्याच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत. ऐकायला कमी. पण किमान ३० रुपये. हेल्परच्या १,४०० वर ते दोन टक्क्यांहून जास्त झाले. स्वस्त म्हणून निवडलेल्या योजनेत गरिबाचाच पैसा दारात सर्वांत जास्त कापला जाणार. बँकेनं शुल्क कमी करायला नकार दिला. मग ते कंपनीनं सोसायचं असं अण्णांकडून कबूल करून घेतलं : चौदा जणांचे महिन्याला ४२० रुपये आणि वर जीएसटी. ही ओळ करारात घातली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

अर्ज भरले. आधार आणि बँक खात्यातली नावं जुळत नव्हती ती दुरुस्त करून घेतली. गुंतवणुकीचा प्रकार ज्याचा त्यानं निवडला. वयाबरोबर शेअर बाजारातला वाटा आपोआप कमी होणारा पर्याय बहुतेकांनी घेतला. वारसाचा रकाना कोणाचाही कोरा राहू दिला नाही. एका टर्नरनं थोरल्या भावाचं नाव लिहिलं होतं. बायकोला विचारून ये म्हटलं. आज त्यानं बायकोचं आणि मुलीचं नाव लिहिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला भरणा सगळ्यांच्या खात्यावर चढला. सकाळपासून मोबाईल घेऊन एकेक जण टेबलाशी येतोय. वेल्डर मामांनी महिन्याला पाचशे स्वतःचे घालायचे ठरवलं; पुढच्या महिन्यापासून पगारातून कापते.

तोच टर्नर डिसेंबरात गोकुळ शिरगावला जाणार आहे, तिथं पगार बरा आहे. त्याला सांगितलं : बोलणी करतानाच तुमचा वाटा किती टक्के हे मालकाला विचार, आणि हजर होशील त्या दिवशी प्रान क्रमांक दे. ते नाही म्हणाले तर वर्षाला किमान हजार रुपये स्वतः भर, खातं चालू राहतं.

फंडाची फाईल बंद केलेली नाही. एप्रिलमध्ये पगारवाढीच्या बैठकीत ती पुन्हा अण्णांपुढं ठेवायची.