नाव कुठे राहते?

प्रवासाला निघालेली माणसे देवळे पाहतात, किल्ले पाहतात. मला मात्र एक विचित्र छंद जडला आहे. जुन्या दफनभूमीचे फाटक दिसले की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. आई म्हणते, "मसणवटीत कसलं रे बघण्यासारखं?"

मागच्या हिवाळ्यात पुण्याजवळ खडकीला गेलो. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक तिथे विसावले आहेत. अधिकारी असो वा शिपाई, दगड सारखाच. नाव, पलटण, तारीख, वय. वये वाचत चाललो : चोवीस, बावीस, एकोणीस... एकोणीस! माझेच वय. त्या अनोळखी पोराच्या नावापुढे क्षणभर मान झुकली.

नंतर एका रविवारी कळव्याहून निघालो, कुर्ल्याला गाडी बदलली आणि शिवडीला उतरलो. तिथली ख्रिस्ती दफनभूमी एकोणिसाव्या शतकातली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा तरुण इंग्रज वास्तुविशारद हिंदुस्थानात आला तो १८६७ साली. बोरीबंदरचे भव्य स्थानक, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही त्याची निर्मिती. १८७८ मध्ये सुरू झालेले ते काम दहा वर्षे चालले. १९०० साली तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या मातीत निजला.

त्या झाडांच्या सावलीत एक प्रश्न मनाला टोचत राहिला. आराखडा स्टीव्हन्सचा, पण दगड वाहणाऱ्या हातांचे काय? त्यांची नावे कोणत्या शिळेवर शोधायची?

माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. कळवा-मुंब्र्याच्या रुळांवर त्यांनी उन्हापावसात उभा जन्म काढला. पगार घेताना अंगठा उठवायचे. त्यांची राख कळव्याच्या खाडीत सोडली. देह अग्नीला, राख पाण्याला, ही आमची रीत. त्यात एक थोर निरिच्छता आहे, हे मला पटते. पण राजेरजवाड्यांच्या छत्र्या आपल्याकडेही उभ्या राहिल्याच ना? गँगमनची छत्री कोण बांधणार?

आजीला मात्र सारे आठवते : पहिला पगार, पावसाळ्यातली रात्रपाळी, गावाकडे सुटलेली जमीन. ती सांगते, मी लिहून घेतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा हे काम माझ्याकडेच येते.

वही निम्मी भरली आहे. आजी हल्ली लवकर थकते.