बेटाची प्रदक्षिणा

मॉरिशस बेट लांबीनें सुमारें ६५ व रुंदीनें ४५ किलोमीटर आहे. येथें सुटीसाठीं येणारे बहुतेक प्रवासी एखादा किनारा निवडतात व आठ दिवस तेथेंच पडून राहतात. आमचें मत असें कीं, एक दिवस तरी मोटार घेऊन सबंध बेटाला वळसा घालावा. आणि तोहि प्रदक्षिणेच्या रीतीनें, म्हणजे मधले डोंगर उजव्या हाताला ठेवून. यांत धर्माचा भाग थोडा, सोयीचा अधिक. येथील वाहनें आपल्याकडल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें या दिशेनें निघालें म्हणजे समुद्र जेथें जेथें भेटतो तेथें अगदीं खिडकीशीं येतो.

राजधानी पोर्ट लुई येथून आम्ही उजाडतांच निघालों. पांपलमूसच्या उद्यानांतील परातीएवढ्या पानांचीं कमळें दुसऱ्या दिवसावर टाकिलीं व थेट उत्तरेचें टोंक, काप मालेरो, गांठलें. तेथील तांबड्या छपराच्या चिमुकल्या देवळाचें, म्हणजे ख्रिस्ती मंदिराचें, चित्र प्रत्येक दुकानांत विकावयास असतें. याच बाजूच्या किनाऱ्यावर १८१० सालीं इंग्रजांचें सैन्य उतरलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत आग्नेयेच्या खाडींत फ्रेंचांनीं इंग्रजी आरमाराला चोप दिला होता, व त्या विजयाचें नांव पॅरिसच्या विजय-कमानीवर कोरलेलें आहे; पण डिसेंबरांत बेट इंग्रजांचें झालें तें झालेंच. गंमत ही कीं, १९६८ सालीं देश स्वतंत्र झाला तरी घराघरांतील बोली फ्रेंचवरून घडलेली क्रिओलच आहे.

पूर्व किनाऱ्याला लागल्यावर ऊंस सुरू होतो. समुद्र निळा, वाळू पांढरी, हें वर्णन वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. आमचें लक्ष वेधलें तें उंसाच्या मळ्यांतील काळ्या दगडांच्या राशींनीं. कांहीं माणसाएवढ्या, तर कांहीं घराएवढ्या. दुरून पाहतां पायऱ्यापायऱ्यांचीं पडकीं देवळें वाटावीं! हीं देवळें नव्हेत. नांगराला जमीन मोकळी व्हावी म्हणून शेतांतून वेंचलेले हे धोंडे आहेत. आधीं ते गुलामांनीं उचलले. १८३५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, तेव्हां तें काम कराराच्या मजुरांकडे आलें. त्यांतील पहिले ३६ जण ‘ॲटलस’ नांवाच्या जहाजानें २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून येथें आले होते. पुढें १९२० पर्यंत हिंदुस्थानांतून जवळजवळ पांच लक्ष माणसें आलीं. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील ज्या सोळा पायऱ्या चढून तीं या देशांत शिरलीं, त्या आम्ही आदल्याच दिवशीं पाहिल्या होत्या. त्या जागेला आतां आप्रवासी घाट म्हणतात.

भूगर्भशास्त्रज्ञांच्या मतें, पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त स्थानावरून सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण उसळला, त्याच स्थानानें पुढें केव्हां तरी हें बेटहि समुद्रांतून वर आणिलें. मग कोंकणांतून आलेल्या मजुराच्या हाताला येथें जो धोंडा लागला, तो ओळखीचाच म्हणावयाचा.

माहेबूर्गला दुपारीं ‘ढोल पुरी’ खाल्ली. हरभऱ्याच्या डाळीसारखी पिवळी डाळ शिजवून, वाटून आंत भरलेली पातळ पोळी. वर रस्सा आणि तिखट चटणी. आमच्या सौभाग्यवतींनीं ‘पुरणपोळीची तिखट बहीण’ असा निकाल दिला व आणखी दोन मागविल्या. पुढें दक्षिणेला ग्री-ग्री येथें प्रवाळाचा बांध तुटलेला असल्यामुळें लाटा खडकावर सरळ येऊन आपटतात. तेथें पोहणें नको.

नैर्ऋत्येच्या टोंकाला ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न पर्वत आहे. पायथ्याशीं श्रीमंतांचीं विश्रामगृहें. वर पळून आलेल्या गुलामांचे आसरे. गुलामगिरी संपल्याची वार्ता सांगावयास शिपाई वर चढले, तेव्हां ते धरावयास आले असें वाटून लोकांनीं कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. पायथ्याच्या वाळूवर सायंकाळीं मुलें हंसत-खेळत होतीं.

अंधार पडतां पडतां पश्चिम किनाऱ्याजवळच्या कास्कावेल या मराठी वस्तीच्या गांवीं थांबलों. गणेशचतुर्थीची सुटी या देशांत सरकारी असते. एका वृद्ध गृहस्थांनीं, आम्ही महाराष्ट्रांतले असें कळतांच, घरांतून एक कागद आणिला. पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती: क्रमांक, वय, उंची, बापाचें नांव आणि गांव. त्यांचें मराठी थोडें अडखळत होतें, पण प्रश्न स्पष्ट होता: हें गांव कोणतें? इंग्रज कारकुनानें कानांवर पडेल तसें लिहिलेलें तें नांव आम्हीं दोन-तीन प्रकारें वाचून पाहिलें. जिल्हा रत्नागिरी एवढें कळलें. गांव लागेना. अक्षरें वहींत उतरून घेतलीं आणि पत्रानें कळवितों म्हटलें.

परत आल्यावर कोंकणांतल्या दोन माहितगारांना तीं दाखविलीं. दोघांनीं दोन निरनिराळीं गांवें सांगितलीं. दोन्ही त्यांना कळविलीं आहेत.