जुळलेला मेळ

आजोबांचे गुडघे थकले आणि पेढीची गादी सुटली. हिशेबाच्या वह्याही मुलाने हळूच आपल्याकडे घेतल्या. उरली दिवाणखान्यातील आरामखुर्ची आणि जुना टीव्ही. त्याचाही रिमोट फुटला. नव्या युनिव्हर्सल रिमोटच्या यादीत त्या कंपनीचे नाव नव्हते. एका क्रमांकाने टीव्ही चालू-बंद होई. आवाज मात्र हलेना.

“नवा घेऊ,” मुलगा म्हणाला.

“चालती वस्तू टाकायची कशाला?” आजोबांनी विचारले.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने छोट्या रिसीव्हरने तो चालू-बंदचा संकेत वाचला. पद्धत प्रचलित एनईसीची होती. सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकणारा अवरक्त प्रकाश 32 शून्य-एक पाठवतो. आधी उपकरणाचा पत्ता, मग आज्ञेचा क्रमांक आणि प्रत्येकामागे त्याची उलट संख्या. दोहोंची बेरीज नेहमी 255.

आजोबा हसले. “म्हणजे मेळ जुळल्याशिवाय टीव्ही हुकूम मानत नाही!”

पत्ता हाती आला होता. आज्ञा 0 ते 255 इतक्याच. नातू एकेक संकेत तयार करून सोडू लागला. आजोबांनी वही मागितली. तीन संध्याकाळी प्रत्येक क्रमांकापुढे नोंद झाली: चॅनेल, आवाज, कोरे. कामाचे संकेत नातवाने शिकाऊ रिमोटमध्ये भरले.

रात्री मुलाने ती वही चाळली. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने दुकानाची रोजकीर्द घरी आणली आणि आरामखुर्चीशेजारी ठेवली.