गार वितळायच्या आत

कॅमेऱ्याला पांढरं नीट कळत नाही. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करडं असणार, असं गृहीत धरून तो उजेड मोजतो. १८ टक्के करडा हा त्याचा जुना हिशेब. त्यामुळे बर्फाचा फोटो काढला की बर्फ न धुतलेल्या चादरीसारखा मळकट येतो. बर्फाळ देशातले फोटोग्राफर म्हणून एक्स्पोजर मुद्दाम एक-दोन पायऱ्या वर ढकलतात. माझ्या टीममधला एक जण बोस्टनला असतो. दर मार्चमध्ये तो ग्रुपवर एक तरी असा फोटो टाकतोच: उशिरा पडलेला बर्फ आणि त्यातून डोकं वर काढलेलं जांभळं क्रोकस. खाली पंचवीस हार्ट.

सोलापूर जिल्ह्यात मार्च म्हणजे पळस फुलून संपत आलेला, कडुनिंब मोहरायच्या बेतात, आणि दुपारी बाहेर पडायचं म्हणजे डोक्यावर ओढणी. तरीही आमच्याकडे वसंतातल्या फुलांवर बर्फ पडतो. फक्त तो पडतो दगडासारखा.

फरक वेगाचा आहे. हिमाची पाकळी सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने खाली येते, मांजराच्या पावलांनी. गोटीएवढी गार ताशी तीस-चाळीस किलोमीटरने येते, आणि वारा असेल तर तिरकी येते. क्रोकसवर पडलेला बर्फ उलट पांघरुणासारखा थंडी अडवतो. गारेचं पांघरूण वगैरे काही होत नाही.

माझे चुलते, तात्या, सांगोला तालुक्यात डाळिंब करतात. डाळिंबाला तीन बहार: मृग, हस्त आणि आंबे. पैकी आंबे बहार म्हणजे आमचा खरा वसंत, आणि तो निसर्गाने कमी, माणसानेच जास्त आणलेला असतो. हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करायची. बाग अशी उघडीबोडकी होते की पाहुण्याला वाटावं वाळली. मग जानेवारीत पाणी सोडायचं. घाबरलेलं झाड जे काही साठवलेलं असेल ते सगळं एकदम फुलांत घालतं. फेब्रुवारी संपता संपता मुरमाड माळावर रांगाच्या रांगा शेंदरी-लाल होतात. आणि नेमका हाच काळ गारपिटीचाही. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर फिरत होती. मी तेव्हा अकरावीत होते. पांढऱ्या झालेल्या रानांचे फोटो पाहून लोक “काश्मीर झालं की” म्हणत होते. घरात ते कुणी म्हणत नव्हतं.

मी सांगतेय ती गारपीट त्यानंतरची, आकाराने लहान, चार-पाच गावांपुरती. मार्चचा पहिला आठवडा, शनिवार. साडेचारच्या सुमाराला पत्र्यावर कुणीतरी खडीचा ट्रक ओतल्यासारखा आवाज सुरू झाला. दहा-बारा मिनिटं. काकू देवाजवळ जाऊन बसली. तात्या दारात उभे होते. काही बोलत नव्हते, नुसते बघत होते.

मी फोन घेऊन बाहेर पडले तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. हे मला आठवत नाही, फोटोला माहीत आहे. ढगाची कड पश्चिमेला उचलली गेली होती आणि खालून तिरपं ऊन येत होतं, जे फोटोवाले वर्षभर शोधत असतात ते. ठिबकच्या नळ्यांच्या कडेने गारांचे ढीग. फांद्यांच्या बेचक्यांत गारा अडकलेल्या. आणि एका फुलाच्या लाल पेल्यात एक गार, अख्खी, आतून दुधी.

डाळिंबाचं फूल जवळून बघितलं नसेल तर बघा. बाहेरचा भाग जाड, चामड्यासारखा, मेणचट. आतल्या पाकळ्या मात्र इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या. गारेने पाकळ्या फाडल्या होत्या, पेला तसाच होता. हा लाल फोनला झेपत नाही. सेन्सरचा लाल भाग आधी भरून जातो आणि फुलाच्या जागी प्लास्टिकचा ठिपका उरतो, सुरकुती नाही, सावली नाही. उपाय म्हणजे एक्स्पोजर खाली ओढायचं. पण खाली ओढलं की गारा करड्या. गारा पांढऱ्या करायला वर ढकललं की फूल गेलं. फोन स्वतःहून तीन-चार फ्रेम जोडून दोघांनाही खूश करायला बघतो आणि चित्र लग्नपत्रिकेसारखं करून ठेवतो. मी ते बंद केलं, फूल वाचवलं, गारा मळकट येऊ दिल्या. तशाही त्या मातीतून उसळून थोड्या मळलेल्याच होत्या. फोन फार जवळ नेला की फोकस सुटतो, म्हणून हातभर मागे येऊन दोन पट झूम. पहिल्या फोटोपासून अकराव्या फोटोपर्यंत पेल्यातली गार अर्धी झालेली दिसते. मधे चार मिनिटं गेलीत.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. १८८५ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभर पाच हजारांहून जास्त काढले. त्याची अडचणही हीच, वितळायच्या आत उरकायचं. तो थंड शेडमध्ये श्वास रोखून काम करायचा. बत्तीस अंशांत श्वास रोखून उपयोग नसतो.

“फुलाचं काय काढत बसलीयास? हिकडं ये,” तात्या दोन रांगा पलीकडून म्हणाले. त्यांनी एक फांदी वळवून धरली होती. सालीवर बोटाच्या पेराएवढी चीर, आतला हिरवट ओलावा दिसत होता. “ह्याचा काढ. तेल्या हितनं घुसतुया.”

तेल्या म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य करपा. जखम आणि ओल मिळाली की तो आत शिरतो, पुढे फळावर तेलकट डाग आणि मग तडे. या रोगाने सोलापूरकडच्या किती बागा उपटायला लावल्या ते इथल्या कुठल्याही गावात विचारा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात केगावला झालं, त्यांच्याही कामात तेल्या कायम वरच्या रांगेत.

मी चिरेचा फोटो काढला. दिसायला काहीच नाही. तपकिरी काडीवर फिकट रेघ.

मग आम्ही झाडाखाली वाकलो. खाली लाल सडा पडला होता. फ्रेममध्ये इतका भीषण आणि इतका देखणा की तो कुणालाही दाखवला असता तर हळहळला असता. तात्यांनी दहा-बारा फुलं उचलली, तळहातावर पसरली आणि निवडायला लागले, तांदळातले खडे निवडावेत तशी. बुडाशी निमुळती, घंटीसारखी ती नर फुलं. बुडाशी फुगीर, फुलदाणीसारखी ती फळ धरणारी. नर फुलं डाळिंबात भरपूर येतात आणि आपोआप गळतात, गार पडो न पडो. तळहातावर सात नर निघाली.

“ही तशीबी पडणारच हुती,” म्हणाले, आणि ती सात टाकून दिली.

म्हणजे सगळ्यात भयंकर दिसणारा फोटो निम्म्याहून जास्त खोटं सांगत होता, आणि खरं नुकसान त्या रेघेत होतं ज्याकडे कुणी दोनदा बघणार नाही. मला हे फार विचित्र वाटलं आणि अजून वाटतं. सरकारी मदतीला नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं (२०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती). फुलाच्या अवस्थेत ३३ टक्के मोजायचे कसे? पडलेली फुलं मोजायची, त्यातली नर वजा करायची, आणि अजून न आलेला रोग मिळवायचा? पंचनाम्याला येणारे तलाठी आणि कृषी सहायक काही वाईट माणसं नसतात, पण त्यांच्याकडे त्यासाठी एक दिवस आणि पन्नास शेतं असतात.

फळपीक विम्याचं आणखी निराळं. तो हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो, पाऊस इतका, तापमान इतकं. गारपीट त्या आकड्यांत पकडता येत नाही. म्हणून गारपिटीचा जोडविमा वेगळा, हप्ता वेगळा, आणि नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं. तात्यांनी हा जोडहप्ता भरला नव्हता. शेजारच्या दोघांनी भरला होता, त्यांनी मला बोलावून घेतलं. अंधार पडेपर्यंत मी त्यांच्या बागांत फिरले. इथे मात्र माझं शिक्षण कामाला आलं. फोटोच्या आत वेळ आणि अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, पण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ते पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात. एवढंच. त्या संध्याकाळी दोन घरांत हे सांगितलं तेव्हा मला जो मान मिळाला तो पाच वर्षांत ऑफिसात मिळालेला नाही.

रात्री तात्यांनी मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या टाक्यांत भिजवला. पहाटे दोन्ही एकत्र करून बोर्डो तयार केलं आणि त्यात विळा बुडवला. पात्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडलाय. चढला. आणखी चुना घातला, पुन्हा बुडवला, पातं स्वच्छ निघालं. निळ्या पाण्यातल्या त्या विळ्याचा फोटो मला सगळ्यात आवडतो. फवारल्यावर बाग फिकट निळी झाली, फुलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पंचनामा. फोटोत शेतकरी स्वतः उभा लागतो. तात्यांनी टोपी घातली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि झाडाजवळ ताठ उभे राहिले. खाली कोपऱ्यात तारीख, वेळ, आकडे. गारा तर केव्हाच गेल्या होत्या, पाकळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. तात्यांनी माझा फोन मागून त्या दिवशीचे फोटो साहेबांना दाखवले, फुलातल्या गारेचा पण दाखवला. साहेब म्हणाले, “भारी आलाय.”

तो फोटो मी डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर टाकू का, असं संध्याकाळी विचारलं. तात्या लगेच नको म्हणाले. “त्या ग्रुपमधी व्यापारी हायत. गारपिटीचा प्लॉट म्हणून ध्यानात ठिवतील. आगस्टात दर पाडतील.”

म्हणजे त्याच आठवड्यात त्याच बागेने सरकारला पुरेशी मोडलेली दिसायचं होतं आणि बाजाराला अजिबात मोडलेली दिसायचं नव्हतं. मी फोटो कुठेच टाकला नाही. बोस्टनवाल्याने त्या सोमवारी क्रोकस टाकलं, मी हार्ट दिलं.

ऑगस्टमध्ये माल निघाला. तेल्या काही झाडांवर आला, बहुतेकांवर नाही. काही फळांवर खवल्यासारखे तपकिरी व्रण होते, ती बाजूला गेली. व्यापाऱ्याने ती हातात फिरवून विचारलं, गारा का? तात्या म्हणाले, काटा घासलाय.

हे लिहायच्या आधी त्यांना फोन केला. फोटो आणि हकीकत दोन्ही देते म्हटलं, चालेल का. “दे की,” म्हणाले. “तवाचा माल गेला. पर गावाचं नाव नगं घालू.”