कुठेही न पोहोचणारं गाणं

गाणं शिकायचं तर ते कुठेतरी पोहोचलं पाहिजे, असं माझं फार वर्षं ठाम मत होतं. पोहोचणं म्हणजे विशारद, अलंकार, निदान गावातल्या गणेशोत्सवात तासभराची बैठक. मुलाचा आवाज बरा असला, पण गळ्यात विशेष काही नसलं, तर त्याच्या आईवडिलांना मी स्पष्ट सांगायची की फी भरत राहू नका.

हे मत मला माहेरी, सातारा जिल्ह्यात मिळालं. औंधचा संगीतोत्सव आमच्या घरात सणासारखा मानला जायचा. 1940 साली अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला आणि पुढे त्यांचे पुत्र गजाननबुवांनी जपला. गजाननबुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची गायकी पचवलेला माणूस, शिवाय हातात व्हायोलिन. असल्या माणसांच्या गोष्टी ऐकत वाढलं की मधलं काही दिसत नाही. एक तर तसं गावं, नाही तर जाजमावर बसून ऐकावं. याच हिशेबानं मी मध्यमा झाल्यावर गाणं थांबवलं. नोकरी, मग लग्न होऊन सांगली. ऐकणं मात्र सुटलं नाही.

मत एका दिवसात बदललं नाही. पहिला धक्का दिला तो कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी. देवल सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आयुष्य महसुलाच्या कागदांत गेलेलं. या गृहस्थांनी बावीस श्रुतींचा ध्यास घेतला, अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवलं, त्यांचे स्वर मोजले आणि 1910 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या जोडीला साताऱ्याला न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स. दिवसा दावे ऐकायचे आणि उरलेल्या वेळात गांधाराच्या दोन जागांमधलं अंतर शोधायचं. या खटाटोपातून श्रुतींची पेटी तयार झाली, 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि पुढे ती काही रुजली नाही.

माझ्या जुन्या मापानं हा सगळा उद्योग वाया गेलेला. पण वाचताना मला त्या दोघांचा हेवा वाटला. कैराण्याहून आलेला, मिरजेत घर केलेला, मराठी नाट्यपदांच्याही ध्वनिमुद्रिका देणारा तो गवई समोर बसून एकच स्वर पुन्हा पुन्हा लावतोय आणि सांगलीचा एक पेन्शनर कान टवकारून बसलाय. यात पोहोचायचं आणखी कुठे? त्या घटका पुरेशा होत्या असं मला वाटू लागलं, आणि मग माझ्या बाकीच्या मताला तडे जायला लागले.

दुसरी गोष्ट मिरजेतली. सासूबाईंचा तंबोरा माळ्यावर पडून होता. विकून टाकावा, असं घरात ठरत होतं. त्याआधी दुरुस्त करून घ्यावा म्हणून सतारमेकर गल्लीत नेला. ही कारागीर घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब सतारमेकरांपासून ती वाद्यांकडे वळली. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि बाकी सगळं हात आणि कान. कारागिरानं तारा सैल करून बाजूला घेतल्या आणि जवारी काढायला घोडीच्या पाठीवरून कानस इतकी हलकी फिरवली की भुकटी जेमतेम दिसावी. तार चढवली, छेडली, मान हलवली, पुन्हा उतरवली. असं किती तरी वेळ. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला, नखानं केसभर पुढे-मागे केला, आणि एका जागी तो मुका आवाज एकदम उघडला. खर्जातून गांधार आपोआप ऐकू यायला लागला. तो कुणी छेडलेला नव्हता.

मी म्हटलं, "आमच्याकडं आता कुणी गाणारं नाही, विकायचाय."

तो म्हणाला, "ताई, कोण गातंय ते आमी इचारत न्हाई. वाजून वाजून जवारी गेली तर मी परत काढून देईन. पडून राहिल्यावर खुट्ट्या धरत्यात, तारा गंजत्यात, त्याला मी काय करू?"

तंबोरा विकला नाही.

आता सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे चौघीजणी जमतात. एक पोळी-भाजी केंद्र चालवते, एक शाळेतून निवृत्त झालेली, एक पलूसहून बसनं येते. यातलं कुणी मंचावर बसणार नाही. ब्रज भाषेतल्या बंदिशीचे शब्द आम्ही आधी वाचतो, मग त्यावर आपल्या सातारी-सांगली बोलीत भांडतो, मग गातो. कुणाचा पंचम उतरला तर दुसरी थांबवते. तंबोऱ्यावर बसायची पाळी चौघींनाही आवडते, कारण तेव्हा फक्त ऐकायचं असतं.

याचा अर्थ सगळं गाणं सारखं, असं मी म्हणत नाही. व्यासपीठावर बसणाऱ्याकडून मी आजही तीच कसून केलेली तयारी मागते, आणि कच्च्या गाण्याला ध्वनिक्षेपक देऊ नये या मताची मी आहे. उलट, घरी रोज सूर लावणाऱ्याला मोठ्या गाण्यातली मेहनत जास्त कळते. मिरजेत खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात रात्र-रात्र गाणं चालतं. तिथे पहाटेपर्यंत बसणाऱ्यांत असे घरी गाणारे खूप असतात, हे मला आता ओळखू येतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. पण त्या गल्लीतल्या कानशीला काम मिळायचं तर केवळ कलावंतांच्या मागणीवर भागणार नाही, साध्या घरांतूनही तंबोरे वाजले पाहिजेत.

सध्या आमचा भूप चालू आहे. पाचच स्वर, पण गांधार अजून हवा तसा लागत नाही. पावसाळ्यानंतर यमन घ्यायचा का, असं पलूसच्या बाईंनी विचारलं होतं. सगळ्यांच्या मते भूपच चालू ठेवायचा.